एक घर पुढे

आमच्या पेपरवाल्याला गल्लीत सगळे नेमबाज म्हणतात. नामकरण माझंच, उगाच नम्रपणा कशाला! डावखुरा गडी. सायकल न थांबवता, मानही न वळवता 'पेप्परऽ!' अशी आरोळी ठोकायचा आणि रबर लावलेली सुरळी पहिल्या मजल्यावरच्या माझ्या गॅलरीत, कुंड्यांना धक्का न लावता, बरोब्बर पायपुसण्यावर. जिने चढून पेपर देणारे त्याच्या लेखी पेपरवाले नव्हतेच.

मग त्याच्या गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टरांनी सायकल बंद केली, मुलाने जुनी स्कूटर आणून दिली. आणि पहिल्याच सकाळी माझा पेपर शेजारच्या वकीलबाईंच्या गॅलरीत!

माझाच कशाला, अख्खी गल्ली एक घर पुढे सरकली. अलीकडच्या शिंपीकाकांचा पेपर मला, माझा वकीलबाईंना आणि शेवटच्या घराचा थेट मैदानातल्या कुत्र्याला. वकीलबाई स्वतः पेपर घेत नाहीत. माझा परत द्यायच्या, नाही असं नाही. पण शब्दकोडं सोडवून, तेही पेनाने.

शिंपीकाकांनी एजंटकडे तक्रार केली. मी बाई तक्रार केली नाही, फक्त चार ठिकाणी बोलले. एजंटने नेमबाजाला सुनावलं, "महिनाअखेरपर्यंत नेम बसव, नाहीतर ही गल्ली दुसऱ्याला. तू आपला स्टॉलवर बसून पेपर वीक." बसून! ऐकूनच त्याचं जेवण गेलं.

मी साखर मागायला, म्हणजे बातमी काढायला, त्याच्या घरी गेले. नेमबाज भिंतीला टेकून बसला होता.

"हात गेला माझा, सूनबाई."

त्याची सूनबाई शाळेत विज्ञान शिकवते. तिने टोपलीतलं लिंबू उचललं. "रडगाणं पुरे, बाबा. इकडे बघा." लिंबू वर उडवत ती स्वयंपाकघरापासून दारापर्यंत तरातरा चालत गेली. लिंबू दर वेळी तिच्याच हातात. "मागे पडलं का?"

"नाही."

"हातातून सुटलं तरी माझ्या चालीचा वेग ते सोडत नाही. हवेतही माझ्याबरोबर पुढे येतच असतं. तुमच्या पेपरचं तेच. वर जाऊन गॅलरीत पडायला त्याला पूर्वीइतकाच वेळ लागतो. पण आता स्कूटरचा वेग आहे ना, तेवढ्यात तो जास्त पुढे जातो."

"म्हणजे हात शाबूत आहे?"

"ठणठणीत! फक्त सुरळी आधी सोडा."

"त्यापेक्षा गाडी हळू चालवा की," मी नाक खुपसलंच.

"एका हाताने हळू चालवली की ती झिंगते, वहिनी. बरं, सूनबाई, कोपऱ्यावर वळताना गठ्ठा बाहेर उडतो, त्याचं काय?"

"वळता तुम्ही, तो आपला सरळच जायला बघतो. त्याला वळवायला दोरी घट्ट हवी."

"तुझ्या नवऱ्यासारखंच झालं," मी म्हटलं.

"त्याची दोरी घट्ट आहे, काकू."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी माझ्या गॅलरीत उभ्या. नेमबाज आला, शिंपीकाकांचं दार गेलं, माझ्या फाटकाशी 'पेप्परऽ!' आणि सुरळी वकीलबाईंकडे. तिसऱ्या दिवशीही तेच. डोकं म्हणे आधी सोड, हात म्हणे फाटक येऊ दे. बिचारा खाली मान घालून निघून गेला.

"हात डोक्याचं ऐकतोय कुठे त्याचा?" मी वैतागले. "तो चालतो तोंडावर. आरोळी सुटली की सुरळी सुटते."

सूनबाईने माझा दंडच धरला. "काकू, पुन्हा म्हणा!" आणि माझ्या चहाचा कप तसाच टाकून जिना उतरली.

घरी जाऊन तिने सासऱ्याला एवढंच सांगितलं, "हाताला काही शिकवू नका, बाबा. काकूंच्या पेपरची आरोळी शिंपीकाकांच्या दारात मारा."

सकाळी शिंपीकाकांच्या दारात आरोळी उठली. हात सवयीने तिच्यामागोमाग सुटला. सुरळी तिरकी वर चढली, स्कूटरच्या बरोबरीने पुढे आली आणि धप्प, माझ्या पायपुसण्यावर.

गल्ली नेमबाजाकडेच राहिली. शिंपीकाका अजून कुरकुरतात, "ओरडतो माझ्या दारात आणि पेपर हिला!" स्वतःचा पेपर आधीच पायाशी पडलेला असतो, पण कुरकुर हवीच. वकीलबाई हल्ली माझ्याशी जरा तुटक बोलतात.

आणि तो? आरोळी मागे राहते. पेपर आणि नेमबाज माझ्या गॅलरीशी एकदमच पोहोचतात. तोंड मोकळं असतं, म्हणून आता वर बघून विचारतो, "वहिनी, कोडं कोरं आहे ना?"