डब्यातला उंदीर

डबा उघडण्याआधी काका झाकणावर दोनदा टकटक करायचे आणि विचारायचे, "हाय काय कोन घरात?" मग स्वतःच हसायचे. रोज तोच विनोद करून रोज हसवणारा असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल.

ते दिघाशीचे, अंजूरच्या गोडाऊनवर वॉचमन. मी वाशिमकडची. सातवीत शाळा सुटली, लग्नानंतर भिवंडीत आले आणि घरून जेवणाचे डबे द्यायला लागले. माझा पहिला डबा त्यांनी लावला आणि गोडाऊनमधल्या बाकीच्यांनाही लावायला लावला. "बाय, तुझी जवारीची भाकर लय मऊ." या गावात तेव्हा माझी चौकशी करणारं दुसरं कोणी नव्हतं.

मग त्यांच्या शौचातून रक्त जायला लागलं. मूळव्याध समजून त्यांनी ते अंगावर काढलं. दुर्बिणीच्या तपासणीत आतड्याचा कॅन्सर निघाला. बायको वारलेली, भाऊ गावाला. म्हणून दवाखान्यात मी सोबत गेले.

"मॅडम, बिडी न्हाय, दारू न्हाय. ह्यो आला कुठून?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एकच कारण सांगता येत नाही. पण आतड्यातले काही जंतू विष तयार करतात. त्यानं पेशींना इजा होते. वर्षानुवर्षं तसं चाललं, तर कॅन्सरला हातभार लागू शकतो."

मला एवढंच ऐकू आलं, पोटात विष. आणि सहा वर्षं त्या पोटात रोज माझंच अन्न जात होतं.

घरी येऊन मी तिखटाची बरणी ओतून दिली. पाणी दोनदा उकळलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या भाकरीतली चतकोर मी आधी खायची, अर्धा तास वाट बघायची आणि मला काही झालं नाही तरच डबा न्यायची.

पाचव्या दिवशी त्यांनी माझ्यासमोरच भाकरी उचलून धरली. "बाय, डब्यात उंदीर शिरलाय काय? रोज चतकोर गायब!"

मी रडत सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. पुढच्या तपासणीला मला डॉक्टरीणबाईंसमोर बसवून म्हणाले, "हिला सांगा, हिच्या डब्यानं झालं काय?"

"नाही हो. असे जंतू कित्येकांच्या पोटात असतात. तुझ्या डब्याचा दोष नाही."

"ऐकलंस? ह्ये भाडेकरू माझ्याच पोटाच्या चाळीतलं हायत."

पण केमोचे चार डोस झाले तरी गाठ हटेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कधी कधी गाठीतले जंतूच औषधाचा असर कमी करतात, असं संशोधनात दिसतंय. आपण औषध बदलू. मी घाबरून मेडिकलमधून जंतू मारायच्या गोळ्या घेऊन काकांकडे गेले.

"सगळंच भाडेकरू हाकलतेस? चाळ झाडनारं पन त्यांच्यातच हायत. डाक्टर सांगंल तेवढंच." त्यांनी गोळ्या माझ्या पिशवीत परत टाकल्या.

औषध बदललं. काका वाळतच गेले. भाऊ सोबतीला येऊन राहिला. डबा मात्र त्यांनी बंद करू दिला नाही.

एका सकाळी भाऊच डबा घेऊन दारात उभा राहिला. "दादा पहाटं गेला. काल बोलला व्हता, डबा तिच्या हातात दे."

भाऊ परत निघाल्यावरही डबा उघडायचा धीर होईना. शेवटी झाकणावर दोनदा टकटक केली.

भात तसाच होता. वरण जेमतेम चाखलेलं. वरच्या खणात, कागदात नीट गुंडाळलेली चतकोर भाकरी. उंदराचा वाटा.

मी ती खाल्ली. अर्धा तास वाट बघितली नाही.