शिवता येतं का? हो / नाही

अगं ऐक ना, आज कुकटपल्लीत काय झालं माहितीये? थांब, आधीचं सांगते, नाहीतर डोक्यावरून जाईल. आमच्या हिमायतनगरच्या ऑफिसात फायलींपेक्षा किस्सेच जास्त साचतात, आणि एक ओढला की दुसरा आपोआप बाहेर येतो.

काम साधं आहे. सरकारी योजनेमुळे खरंच फरक पडला, का तो तसाही पडणारच होता, एवढं शोधायचं. सध्या शिवणकामाची योजना चालू आहे: क्लास, आणि शेवटी मशीन. कुकटपल्लीच्या वस्तीतल्या अर्ध्या बायकांना यंदा, अर्ध्यांना पुढच्या वर्षी. मग दोन्ही याद्यांची तुलना.

*

काचीगुड्याला घरी आईला हे समजावलं. "बाबांची सर्दी काढ्यानेच गेली कशावरून? न देता पण गेली असती!"

आईला एकदम पटलं. पुढच्या सर्दीला काढाच नाही! बाबा शिंकत शिंकत म्हणाले, "पण तुलनेला मीच का? तुझ्या भावाला धर ना!"

*

कोण कुठल्या यादीत, ती नावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी कंप्यूटरने काढली. आमचे सर्व्हेवाले फरीदभाई वस्तीत यादी वाचत होते. यादम्मा म्हणून एक बाई आहे, तिचं नाव आलं पुढच्या वर्षीच्या यादीत.

"किसने निकाला?"

"कंप्यूटर निकाला, अम्मा."

"तो उसकू बुलाव इधर!"

फरीदभाई खरंच लॅपटॉप उघडून तिच्यासमोर धरून उभे राहिले!

*

क्लास संपला. आमचा आकडेवाला संदीप उड्या मारत आला, हातात डबल का मीठा, म्हणजे आपला पावाचा गोड पदार्थ. क्लासवाल्या बायकांची कमाई वाढली होती!

बॉस रेखा मॅडमनी एक घास खाल्ला. "आत्ता लग्नसराई आहे. माझ्या टेलरची पण कमाई वाढलीय. तो आपल्या क्लासला होता का?"

मग संदीपने दुसऱ्या यादीशी तुलना केली. त्यांचीही तेवढीच वाढलेली. फरक शून्य! मीठा तसाच पडून राहिला. कारण रिपोर्टमध्ये शून्य गेलं की योजना बंद, म्हणजे दुसऱ्या यादीला ना क्लास, ना मशीन.

मॅडम मला म्हणाल्या, "काहीतरी सुटतंय. सोमवारच्या आत त्या बायकांना परत विचारून ये."

*

तर आज गेले. यादम्माच्या दारातच मशीनचा आवाज!

"ये पद्मा की मशीन है मा. उसका नाम पहली लिस्ट में आया था ना. दिन कू वो क्लास में सीखती थी, शाम कू हम सबकू सिखाती थी. अब मशीन भी बारी बारी से सबके घर जाती."

आत्ता कळलं शून्य का आलं ते! क्लास एका यादीचा, शिकली अख्खी वस्ती. मग फरक दिसणार कुठून?

मी फॉर्म काढला. 'शिवता येतं का? हो / नाही.' 'हो' लिहिलं की दुसरी यादीही क्लासमुळेच शिकली हे दिसतं, योजना वाचते. पण नियम असा की शिवता येणाऱ्यांना क्लास नाही, म्हणजे मशीनही नाही. यादम्माचंच नाव कट. 'नाही' लिहिलं तर तिचं नाव राहतं, पण शून्यही तसंच राहतं.

तिला हे सगळं सांगितलं. तिने माझ्या बॅगेचा उसवलेला पट्टा ओढला, मशीनखाली घातला, सरळ टीप मारली, दोरा दाताने तोडला.

"हौ, अब लिखो मा," म्हणाली. "मेरे कू सिलाई नहीं आती."

पेन माझ्या हातात. सांग ना, तू काय लिहिलं असतंस?