मेणाच्या वडीवरचे दात

माझी धाकटी लेक एका बेटावर राखणदार आहे. जुना दीपस्तंभ, राहायला दोन खोल्या आणि जमिनीत बिळं करून अंडी घालणारे समुद्रपक्षी, एवढाच तिचा संसार. ‘दिव्याशी लग्न लावलंय का गं?’ असं तिची मावशी विचारते. ती हसून सोडून देते. लहानपणापासून तशीच आहे. एकदा मनाने घेतलं की घेतलं.

बेटावर एक नियम कडक. होडीतून आलेलं सामान बिनखिडकीच्या खोलीत न्यायचं, दार लावायचं आणि मगच ते सामान उघडायचं. एक उंदीर जरी सुटला, तरी बिळांतली अंडी फस्त.

यंदा दिव्याच्या नव्या काचा गवतात बांधून आल्या. खोका उचलवेना, म्हणून होडीवाल्या काकांनी तो धक्क्यावरच फोडला. गवतातून काहीतरी सळकन निघालं आणि दगडांत गडप झालं. काका म्हणाले, पाल असेल.

तिने वाद घातला नाही. शेंगदाण्याचं तेल चोळलेल्या मेणाच्या वड्या तिने बेटभर ठेवल्या. दीपस्तंभाच्या जिन्याखालच्या वडीवर बारीक दात उमटले. पाल मेण कुरतडत नाही, हे काकांनीही मान्य केलं.

पिंजरे लावले, पण उंदीर आमिषाला शिवेना. त्यात वादळाचा इशारा आला. काका शेवटची फेरी करणार होते. त्यांच्याबरोबर निघ म्हणून मी फोनवर रडले, रागावले, माझी शपथ घातली.

ती म्हणाली, “आई, अंड्यांना होडीत बसता येत नाही.”

पुढे फोन लागेना. तिकडे तिने आमिषाचा नाद सोडला होता. लाटा दगडांत शिरल्या की उंदीर कोरडी जागा शोधणार, हे तिने ताडलं. त्याच खोक्यातलं गवत पिंजऱ्यात कोंबून तो जिन्याखाली भिंतीला लावून ठेवला. भिजलेला उंदीर आपल्या ओळखीच्या गवतात आपणहून शिरला. त्यानंतर एकाही वडीला दात लागला नाही.

समुद्र निवळल्यावर पहिल्याच होडीने मी गेले. धक्क्यावर तिला पाहून पिशवी टाकून धावणार, तोच तिने हात वर केला.

“पिशवी खाली ठेवू नकोस. आधी आत चल.”

बंद खोलीत तिने माझे कपडे, साबण, औषधं एकेक झटकून पाहिलं. काका दाराला पाठ लावून उभे होते. “बघता काय, वहिनी,” ते म्हणाले, “माझी तर टोपीसुद्धा झाडून घेते ही.”

पिशवी रिकामी झाल्यावरच तिने मला मिठी मारली.