कोपरावरचं रफू

डोंगरापलीकडे भांडण पेटलं आणि रस्ता बंद झाला. मालाच्या गाड्या यायच्या थांबल्या, त्यामागोमाग बाजारातल्या दुकानांची शटर खाली आली, आणि थंडी मात्र नेहमीपेक्षा आधीच येऊन बसली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. गरम कपडा विकत मिळेना तेव्हा लोकांनी पेट्या, माळे, पलंगाखालची बोचकी उपसली, आणि जुने, आटलेले, कसरीने खाल्लेले स्वेटर काखोटीला मारून गिरणीमागच्या गल्लीत उसवआजीच्या दारात रांग लावली.

तिचं खरं नाव कुणी घेत नसे. ती विणायची त्याहून जास्त उसवायची, म्हणून उसवआजी. तोंडाने फटकळ, पण हातात कसब. जुना स्वेटर आला की आधी उलटा करायची, बाजूच्या शिवणी सोडायची, गळ्यापाशी धाग्याचं टोक शोधायची आणि मग ओढत सुटायची. उसवलेली लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळून तिची लड करायची, कोमट पाण्यात धुवायची आणि खाली भरलेली बाटली लटकवून वाळत घालायची, म्हणजे लोकरीचा कुरळेपणा जातो. जुनं माणूस लोकरीतून निघाल्याशिवाय नवं माणूस आत शिरत नाही, असं ती म्हणायची. कायदा तिचा एकच: ज्याची लोकर त्यालाच. बाळाच्या टोपीतून वीतभर धागा उरला तरी पुडी बांधून परत द्यायची. या कायद्यापायी तिने सख्ख्या जावेशी भांडण काढलं होतं, आणि जाऊ मेली तरी ते मिटलं नव्हतं.

घरात ती एकटीच राहायची, म्हणजे लोकांच्या मते. तिच्या मते मुलगा अजून जिन्यात होता. गाड्या दुरुस्त करायला तो डोंगरापलीकडच्या शहरात गेला. सुरुवातीला येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर निरोप धाडायचा, मग तेही थांबलं. त्याला कितीतरी हिवाळे लोटले होते. पण संध्याकाळी जिन्याची पायरी करकरली की ती सुया थांबवून कान द्यायची. लाकूड थंडीने आकसतं आणि वाजतं, हे काय तिला ठाऊक नव्हतं? कळतं पण वळत नाही, त्याला कोण काय करणार.

एका दुपारी पाववाली आली. ही कोपऱ्यावरच्या बेकरीची मालकीण. नवरा गेल्यापासून भट्टी एकटीच सांभाळायची, आणि तिच्या लेकीच्या छातीत खोकला ठाण मांडून बसला होता. तिने एक हिरवा, पुरुषी स्वेटर पुढे केला. पोरीच्या मापाचा करून द्या, उरलं तर मोजे, एवढं सांगून ती पाव भाजायला पळाली.

आजीने सवयीने स्वेटर उलटा केला, कात्री उचलली आणि हात तसाच थांबला. पुढच्या बाजूला वेण्यांची नक्षी होती. सगळ्या वेण्या एका दिशेने वळलेल्या, फक्त बगलेखालची एक उलटी. ती चूक तिचीच होती. मुलगा समोर बसून मी जाणारच म्हणत होता, ती त्याच्याशी भांडत विणत होती, आणि रागाच्या भरात तेवढी वेणी उलटी वळली. जगाच्या चुका उसवणाऱ्या बाईला स्वतःची ती एक उसवायला सवड मिळाली नाही. तो स्वेटर अंगात घालून निघूनही गेला.

तिने तो खुर्चीच्या पाठीवर टाकला. बाह्या कोपरात वाकलेल्याच राहिल्या, कुणी आत्ताच त्यातून हात काढून घ्यावेत तशा. तिला त्याच्याकडे पाठ करून बसवेना आणि तोंड करूनही बसवेना.

शेवटी तिने तो मांडीवर घेऊन बोटांनी चाचपला. डाव्या कोपरावर रफू होतं. बारीक, घट्ट, चटईसारखं, आणि तिच्या हाताचं नव्हे. टाके उलट्या बाजूने सुरू केलेले, म्हणजे डावखुऱ्या माणसाचं काम. शिवाय दोन्ही बगलांखाली तपकिरी लोकरीची दोन बोटं रुंद पट्टी जोडून स्वेटर ऐसपैस केला होता.

त्या पट्ट्या बघून तिला हसू फुटलं. मेला अंगाने सुटला होता. आईच्या हातचं खाऊन कधी अंगाला लागलं नाही, आणि तिकडे जाऊन पोट आलं. कुणीतरी त्याला पोटभर जेवू घालत होतं, त्याच्या कोपराची काळजी करत होतं. हसता हसता ती रडायला लागली, आणि रडता रडता तिच्यातली सासू जागी झाली. हिरव्याला तपकिरी जोडतं का कुणी? आणि रफू एवढं आवळून करतात? हात वाकवताना ओढ बसत असणार पोराला. न पाहिलेल्या सुनेला तिने मनसोक्त नावं ठेवली, तेव्हा कुठे तिला जरा बरं वाटलं.

पण अंगावरचा कपडा माणसाला सोडून एकटा डोंगर उतरत नाही. आजी शाल गुंडाळून बेकरीत गेली. पाववालीला सगळं आठवत होतं. थंडी सुरू होताना पलीकडची माणसं पायी पळून येत होती, त्यातल्या एका बाईने हा स्वेटर देऊन पाव नेले. कुठे निघालीस विचारलं तर पुढे, इतकंच म्हणाली.

"पाव कुठल्या हाताने घेतले तिने?" आजीने विचारलं.

पाववालीला प्रश्न विचित्र वाटला, तरी तिने आठवून पाहिलं. "डाव्या. मी पिशवी या बाजूला धरलेली, आणि तिचा हात त्या बाजूने आला."

"बरोबर कोण होतं?"

"कुणी नाही, आजी. एकटीच होती."

आजीने शाल पुन्हा गुंडाळून घेतली. मोठ्या रस्त्याने परतताना ती गल्लीच्या तोंडाशी थांबली. सून इथूनच गेली असणार, आणि तेव्हा सासू आत बसून लोकांचे स्वेटर उसवत होती. नवऱ्याचा कपडा पावावर देऊन टाकला म्हणून आधी तिला संताप आला. मग भूक म्हणजे काय ते आठवलं. बरं केलंस बाई, असं ती भिंतीकडे बघून पुटपुटली. त्या संध्याकाळी जिना करकरला तेव्हा तिने मान वर केली नाही.

आता खरी पंचाईत होती. उसवलं तर वेणी जाईल, आणि रफू तर उसवतही नाही, त्याचे तुकडे होतात आणि ते केरात जातात. न उसवावं तर परक्याचं पोर थंडीत खोकत बसेल, आणि बाजारात लोकरीचा एक गुंडा मिळत नव्हता. तिने गळ्यापाशी टोक शोधलं, दोन ओळी ओढल्याही. मग त्या परत सुईवर घेऊन जशाच्या तशा विणल्या, आणि अंगातला स्वतःचा जांभळा स्वेटर काढून तो उसवायला घेतला.

पाववाली न्यायला आली तेव्हा तिने जांभळा स्वेटर लेकीच्या अंगाला लावून पाहिला आणि गोंधळली. "आजी, मी हिरवा दिला होता."

"दिला होतास. कायदा मोडला मी." आजीने हिरवा स्वेटर घातला होता, तो तिच्या गुडघ्यांपर्यंत आला होता. तिने डावा हात वाकवून कोपर पुढे केलं. "हे माझ्या सुनेनं केलंय."

तुम्हाला सून कुठली, असं पाववाली म्हणणार होती. पण त्या दिवशीचा डावा हात तिला आठवला. लेक तेवढ्यात स्वेटर टोचतो म्हणाली. माझाच होता, टोचणारच, असं म्हणून आजीने तिची बटणं लावून दिली.

वर्षानुवर्षं उसवआजी खिडकीशी बसायची, कारण उजेड तिथे चांगला. आता तिची खुर्ची गल्लीच्या तोंडाशी असते. वारा झोंबतो, टाके निसटतात, गिरणीवाला टोमणे मारतो, पण ती हलत नाही. मुलगा येणार नाही हे तिने स्वीकारलंय. सून त्याच रस्त्याने परत फिरू शकते. तिचा चेहरा आजीला माहीत नाही, आणि हाक मारायला नावही नाही. पण आपल्या हातचं रफू बाई कुठेही ओळखते. म्हणून समोरून कुणी एकटी बाई जाऊ लागली की आजी आधी तिचे हात बघते, आणि मग जरा वळून डावं कोपर रस्त्याकडे करून बसते.