सिनेमातल्या त्या दोघांत मोठा भाऊ कोण?

परवा रविवारी वणीत आमच्या घरी एका सिनेमावरून चांगलंच वाजलं. मी आणि माझा धाकटा भाऊ आकाश, दोघंही सुपरहिरोंचे पक्के वेडे. तो इथं कोळशाच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात कामाला आहे आणि राहतो माझ्याकडेच.

सिनेमा दोन भावांचा. मोठा भाऊ जग वाचवायला दुसऱ्या कुठल्याशा दुनियेत जातो आणि तीस वर्षांनी परत येतो तेव्हा होता तसाच तरणाबांड! इकडे धाकट्याचे केस पांढरे, गुडघे कुरकुरतायत. हिंदी डबिंगमध्ये हा म्हातारा त्या पोराला "भैया" म्हणून मिठी मारतो, तिथं मी ढसाढसा रडले होते.

आता या दोघांत मोठा कोण? आमच्या फॅन ग्रुपवर आठवडाभर यावरून घमासान सुरू होतं. मी ठणकावून लिहिलं... मोठा तो मोठाच. नातं जन्माच्या क्रमानं ठरतं, केसांच्या रंगावरून नाही.

धडाधड लाइक्स आले. विरोधात एकटा आकाश. जो जास्त वर्षं जगला तो मोठा, डबिंगवाल्यांनी घोळ घातलाय, असं त्याचं म्हणणं. मी सगळ्यांसमोर त्याची यथेच्छ टिंगल केली... लहान आहेस, लहानासारखा राहा!

रविवारी जेवताना महागावहून आईचा फोन आला. आकाशसाठी आणखी एक स्थळ, मुलगी नर्सिंग केलेली. "त्याले तूच समजाव बाप्पा, माह्यं तर तो आयकतच नाही," आई वैतागून म्हणाली. आजवर प्रत्येक स्थळात यानं काहीतरी खोट काढलीय.

फोन ठेवून मी त्याला चिडवलं, त्या सिनेमातल्या धाकट्यासारखे केस पिकायची वाट पाहतोयस का? त्यानं ताट बाजूला सरकवलं.

"मंग मी कधीच मोठा होनार नाही का वं ताई?"

मला आधी काही समजलंच नाही. आणि मग समजलं...

आम्ही खरं तर तिघं. मी मोठी, मधला राहुल, मग आकाश. राहुल चंद्रपूर रोडवर बाइकच्या अपघातात गेला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. लग्न व्हायचं होतं त्याचं.

मोठ्याच्या आधी धाकट्यानं बोहल्यावर चढायचं नाही, ही आमच्या घरची रीत. आकाश ती अजून पाळत होता... गेलेल्या भावासाठी, कुणाला काही न सांगता. पुढच्या महिन्यात त्याला अठ्ठावीस पूर्ण होतील. मग आपण दादापेक्षा मोठे, मग लग्न केलं तर दादाला डावलल्यासारखं होणार नाही, असं त्यानं मनाशी धरलं होतं. आणि मी ग्रुपवर त्याला रोज लहान ठरवत होते.

तुझंच बरोबर आहे, असं म्हणून टाकणं सोपं होतं. पण ते मला पटत नव्हतं आणि माझं खोटं त्याला लगेच कळतं. हा उद्या पन्नाशीचा झाला तरी राहुल याचा दादाच राहणार.

मग मी माझं 'मोठा तो मोठाच' हेच त्याच्यावर चालवलं.

"तुह्या दादाहूनबी मी मोठी आहो ना? मंग मी सांगून राह्यली, तू पोरगी पाह्याले जा. दादानंबी माह्यं आयकलंच असतं."

आकाश ताटावरच रडायला लागला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर. थोड्या वेळानं नाक पुसत त्यानं आईला परत फोन लावला, "पोरीचा फोटो पाठवतं का?"

ग्रुपवरची माझी पोस्ट मी काढलेली नाही. मत तेच आहे... फक्त त्याखाली आता भांडत नाही.

राहुल, तुला न विचारता तुझ्या वतीनं हो म्हणून टाकलं रे. चालेल ना?