ढगांची ऊब मोजणारा बब्रुवान

ईट गावच्या बौद्धवाड्यातला बब्रुवान फौजेत मेकॅनिक. एक हिवाळा अंटार्क्टिकाच्या बर्फात काढून तो शहाऐंशीच्या जूनमध्ये सुट्टीवर आला आणि गावाने त्याला धरलं. चूक त्याचीच. पारावर बसून त्याने बढाई मारली होती. तिथं महिनोन्‌महिने सूर्य नसतो, तरी ढग खाली बर्फावर ऊब सोडतात. ती डोळ्यांना दिसत नाही. वरून सॅटेलाइट तिचा अंदाज काढतो, आणि तो बर्फावरच्या यंत्राशी ताडून बघतात. त्या यंत्राच्या काचेवरचं हिम पुसणं हे बब्रुवानचं काम. गावाने यातले दोनच शब्द उचलले, ढग आणि सॅटेलाइट!

दुष्काळाने सगळ्यांचं कंबरडं मोडलेलं. मृगाचा शिडकावा झालेला, पण घराघरात बी एका पेरणीपुरतंच. सोसायटीचे चेअरमन आबाराव स्वतः बब्रुवानच्या दारात आले. आजवर त्यांनी इकडं पाऊल टाकलं नव्हतं.

"बब्रुवानराव, पेरावं का थांबावं?"

"मला न्हाय ठाऊक, चेअरमनसाहेब. सॅटेलाइट ऊब मोजतो, पावसाचं न्हाय सांगत."

"नका सांगू," आबाराव हसले. "तुमचा बाप कधी पेरतो ते बघू."

झालं! बब्रुवानचा म्हातारा बाप कोंडिबा शेताकडं निघाला की मागं माणसं. त्याने पेरलं तर गाव पेरणार, आणि पाऊस फिरकला नाही तर खापर साऱ्या बौद्धवाड्यावर फुटणार. नाही पेरलं तर घरच्याच रानाची ओल उडून पेरणी हुकणार. बर्फाच्या वादळात दार उघडायची सोय नसे, पण तिथं निदान कुणी तोंडाकडं बघत नव्हतं. इथं बब्रुवानला दाराबाहेर पडायची चोरी झाली.

ओल उडायला लागली तशी कोंडिबाने पेरणीची तिफण जुंपली. आई मुक्ताबाईने बी सोडायच्या चाड्यावर मूठ धरली. बांधापलीकडं आबाराव उभे, आणि गावाच्या तिफणी जुंपून तयारच होत्या.

कोंडिबाने लेकाला जवळ ओढलं. "गावाला नगं सांगू. पर मला तरी खरं सांग. पाऊस हाय का?"

"दादा, म्या निस्ती काच पुसायचो."

"आमच्यापासून बी लपवतूस व्हय रे?" म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

बब्रुवानला ते बघवेना. "पेरा," तो पुटपुटला.

बैल हलले, तशा पलीकडच्या साऱ्या तिफणी हलल्या. "थांबा!" तो हात हलवत, ओरडत बांधाकडं धावला. आबारावांना शब्द ऐकू गेला नाही, नुसता हलणारा हात दिसला. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच हात उंचावून त्याला 'जयभीम' घातला.