दुसऱ्या मजल्याची भागीदारी

‘भागीदारी’ म्हणजे ठरवून वाटून घेतलेले काम, असे मी वर्गात सांगत असे. भिवंडीत अर्थ विस्तारला: भागीदार म्हणजे न विचारता हात लावणारा शेजारी! महापालिकेने जागा दिली, एका कंपनीने शाळा बांधायला घेतली, शिकवायला मी गेलो. किस्से मात्र साऱ्या वस्तीने पुरवले. खडीचे ढीग उपसले गेले, हे साचतच राहिले.

*

कंपनीच्या कर्णिकबाई जागा पाहायला आल्या, त्या शुक्रवारी. “किती निवांत परिसर!” म्हणाल्या आणि मोठमोठ्या खिडक्या मंजूर करून गेल्या.

शुक्रवारी कापडाचे खडखडणारे लूम बंद असतात, हे त्यांना कोणीच सांगितले नाही. भिवंडीत ही काय सांगायची गोष्ट!

*

भिंतीपलीकडचा कारखाना रफीकशेठचा. खांब उभे राहताच ते आले.

“सर, माझा मिस्त्री पाठवू का, बघायला?”

“तो लूमचा मिस्त्री ना?”

“मग? काय हललं पाहिजे न् काय नाय, त्याच्याशिवाय कोणाला कळणार!”

*

पहिला मजला झाला, सातवीपर्यंतचे वर्ग भरले. त्या खडखडाटात मी घसा फोडून विचारले, “ऐकू येते का?”

लूम-कामगाराची मुलगी सना उठली. “ऐकायचं कशाला, सर? आम्ही ओठ बघतो. फक्त मिशी जरा कमी करा!”

त्याच संध्याकाळी मी मिशी कातरली.

*

आठवीसाठी दुसरा मजला हवा होता. नाहीतर सनासारख्या मुली घरी बसणार. कर्णिकबाईंनी मात्र बजावले, “या गोंगाटात शिकवणे होत नसेल, तर पुढचा मजला नाही.” त्या स्वतः वर्ग पाहायला आल्या.

मी धडा सुरू केला आणि लूम थांबले. रफीकशेठची मेहेरबानी!

सारा वर्ग उभा राहिला. मुलांच्या हिशेबी लूम थांबले म्हणजे लाइट गेली. लाइट गेली म्हणजे कारागीर जेवायला बसणार, आणि डबा पोचवायचा मुलांनी.

“सर, अब्बूंचा डबा!” म्हणत सना निघाली. पाठोपाठ सगळे. वर्गात उरलो मी आणि कर्णिकबाई.

मुले शाळेच्या फाटकाशी पोचलेली पाहून रफीकशेठ खिडकीतून ओरडले, “अरे, लाइट हाय! चालू कर, चालू कर!” लूम धडधडले. मुले तिथूनच वळली आणि जागेवर येऊन माझ्या ओठांकडे बघत बसली.

कर्णिकबाई हसत काहीतरी पुटपुटल्या. मला अक्षरही ऐकू आले नाही.

सना ओरडली, “सर, बाई म्हणतात, मजला बांधू!”

रफीकशेठनी लूम बंद केले म्हणून मजला मिळाला, असे वस्तीत आजही सांगतात. साफ चूक. बंद केले म्हणून तो जाणार होता!